दक्षिण सुदानमध्ये रुग्णालय बांधताना : तुम्ही साइटवर नसाल त्या दिवसाचा विचार

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये सात वर्षं इमारतींच्या साइट सांभाळलेल्या एका सिव्हिल इंजिनियरना दक्षिण सुदानमध्ये ६० खाटांच्या रुग्णालयाच्या बांधकामावर देखरेख करण्याची नोकरी आली आहे. मुदत चौदा महिन्यांची. अशा ठिकाणी काम वेळेत आणि दर्जेदार कसं पूर्ण करायचं, आणि गोळीबाराचा विचार करून भिंती किती जाड ठेवायच्या, असं त्यांनी विचारलं आहे.

मी या कामात अकरा वर्षं आहे. त्यातली सहा दक्षिण सुदानमध्ये गेली, बहुतेक अप्पर नाइल आणि युनिटी या राज्यांत. भिंतींच्या जाडीचं उत्तर देतोच, पण जरा पुढे. कारण तुमच्यासमोरचा खरा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे देखरेख म्हणजे सकाळी आठला साइटवर हजर राहायचं, काँक्रीट ओतताना समोर उभं राहायचं, मिस्त्रीने ओळंबा नीट लावला का ते बघायचं. तिथे एक दिवस असा येणार, की तासाभरात एक बॅग उचलून विमानात बसायला सांगतील. परत कधी येणार, कुणालाच माहीत नसेल. त्या संध्याकाळी जेवढं बांधून झालंय तेवढ्यात नर्स आणि डॉक्टर काम करू शकतील का? कुठून सुरुवात करायची, कोणता माल आधी मागवायचा, कुणाला काय शिकवायचं, हे सगळं या एका प्रश्नावरून ठरवा.

मला हे २०१६ मध्ये कळलं, आणि रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागली. नाइलच्या काठी आमचं काम चालू होतं. दोन वॉर्ड उभे होते, पत्रे चढले होते, दारं बसली होती, आतून रंगही झाला होता. जुलैत राजधानी जुबामध्ये लढाई पेटली, विमानं बंद झाली, आणि पहिल्या मिळालेल्या विमानाने आम्हाला बाहेर काढलं. नऊ आठवड्यांनी परत आलो तेव्हा दोन्ही वॉर्डांना कुलूप होतं. रुग्ण समोरच्या कडुनिंबाखाली ताडपत्रीवर झोपलेले होते. मागे राहिलेल्या स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याला मी विचारलं, "आत का नाही घेतलं?" तो मला हाताला धरून वॉर्डाच्या मागे घेऊन गेला. पहिल्या चार दिवसांत लोक भिंतीआड शौचाला बसू लागले होते, कारण संडास माझ्या वेळापत्रकात सहाव्या महिन्यात होते. पाणी चारशे मीटरवरून बादल्यांनी आणावं लागत होतं. मुलांना जुलाब सुरू झाले तेव्हा त्याने स्वतः कुलूप लावलं. त्याचा निर्णय बरोबर होता. चूक माझी होती. इमारत दिसावी म्हणून मी आधी भिंती उभ्या केल्या होत्या.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी बोअर आणि उंचावरची टाकी, मग संडास आणि न्हाणीघर, मग कचऱ्याची जागा, म्हणजे जाळायची भट्टी, सुया-ब्लेडचा बंद खड्डा आणि बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेचा खड्डा. हे झाल्याशिवाय वॉर्डाचं जोतंही घालत नाही. मदतकार्यात सगळीकडे वापरतात तो हिशेब लक्षात ठेवा : दाखल रुग्णामागे दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी, एका शस्त्रक्रियेला किंवा बाळंतपणाला १०० लिटर, कॉलरा झाला तर रुग्णामागे ६० लिटर, आणि दर २० खाटांमागे किमान एक संडास. ६० खाटांचं साधं गणित ३,६०० लिटरपर्यंत जातं, पण बाह्यरुग्ण, शस्त्रक्रिया, कपडे धुणं आणि प्रत्येक खाटेशेजारी बसलेले दोन नातेवाईक धरले तर मी कधी आठ हजारांच्या खाली जात नाही. आणि दोन दिवसांचं पाणी साठवता आलं पाहिजे, कारण जनरेटरचं डिझेल केव्हाही थांबतं.

इमारत एकच मोठी करू नका. वीस-वीस खाटांचे सुटे ब्लॉक करा, प्रत्येकाला स्वतःचा पाण्याचा फाटा, स्वतःची वीज तोडायची पेटी, स्वतःचे संडास. पहिला ब्लॉक पूर्ण संपवून वापरायला द्या, मगच दुसऱ्याची खोदाई करा. कागदावर हे महाग आणि संथ दिसतं. पैसे देणारे विचारतील, की सगळे पाये एकदम का घालत नाही. त्यांना हेच सांगा, की सगळीकडे पायाच असलेल्या साइटवर एकाही बाईचं बाळंतपण होत नाही.

आता हे मान्य करतो, की पुष्कळसं परिस्थितीवर अवलंबून आहे. गाव कुणाच्या ताब्यात आहे, आणि गेल्या तीन वर्षांत ते किती वेळा हातचं गेलं? धावपट्टी पावसात चालते का? माल नदीने येणार की रस्त्याने? जागा कुणी दिली, आणि ती देण्याचा अधिकार त्याला होता का? ही चार उत्तरं मिळेपर्यंत मी सांगतो ते तुमच्या गावाला जसंच्या तसं लागू पडेल असं समजू नका. जुबासारख्या ठिकाणी, मोम्बासा बंदरातून युगांडामार्गे निमुलेच्या डांबरी रस्त्याने माल येतो तिथे, तुम्ही काँक्रीटचा विचार करू शकता. युनिटीतल्या बेंटियूला किंवा अप्पर नाइलमधल्या मलाकालला तोच विचार तुम्हाला गोत्यात आणेल.

एका बाबतीत मात्र तुम्ही घरच्याच मैदानावर आहात, आणि ती म्हणजे काळी माती. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी आणि पावसात फुगून गुडघाभर चिखल होणारी काळी माती, तीच जात त्या मुलखात शेकडो किलोमीटर पसरलेली आहे. माझ्याबरोबरच्या युरोपातल्या इंजिनियरांना ती पहिल्या पावसात कळली, मला जन्मापासून माहीत होती. काळ्या मातीत सरळ पाया घातलात तर दोन पावसाळ्यांत भिंतीला तिरक्या भेगा पडतील आणि दारं अडकतील. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी यावर आयुष्य घालवलं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा, म्हणजे आपल्या मुरुमासारख्या मातीचा, मीटरभर थर धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट बसवून, घातला तर खालचं फुगणं वर पोचत नाही, ही त्यांची पद्धत. तिथेही मी तेच करतो. गंमत बघा, पूर्व आफ्रिकेत मुरुमाला मरमच म्हणतात. ट्रकवाल्याशी बोलताना पहिल्यांदा हा शब्द कानावर पडला तेव्हा घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

अडचण अशी, की अप्पर नाइलच्या त्या सपाट मुलखात मुरूम आणि खडी जवळपास मिळत नाही. लांबून आणावी लागते आणि कोरड्या दिवसांतच आणता येते. पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर. त्या काळात रस्ते म्हणजे चिखल. म्हणजे तुमच्या चौदा महिन्यांतले सहा आधीच वजा करा. डिसेंबर ते एप्रिल हे तुमचं खरं वर्ष. सिमेंटही त्याच हिशेबाने मागवा. एकदा नदीत बार्ज, म्हणजे मालवाहू तराफा, अडवून ठेवला गेला आणि सहाशे पोती चार महिने ताडपत्रीखाली पडून राहिली. हाती आली तेव्हा वरची पोती बुक्की मारली तरी फुटत नव्हती. आतल्यातली मऊ पोती चाळून मी फरशीला आणि गिलाव्याला वापरली, कॉलमला एकही नाही. सिमेंट तीन महिने पडून राहिलं की ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरते, हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं, पण हातात दगड झालेलं पोतं घेतल्यावर ते पटतं.

जिथे मुरूम मिळत नाही तिथे जड बांधू नका. लोखंडी सांगाडा, सुटे पाये, पत्र्याचं छप्पर आणि बाजूला पॅनेलच्या भिंती. माती हलली तर सांगाडा थोडा हलतो, तुटत नाही, आणि खालच्या प्लेटचे नट फिरवून पुन्हा लेव्हलला आणता येतो. उपलब्ध असलेला सगळा मुरूम आणि खडी शस्त्रक्रियागृहाच्या जाड तळफरशीसाठी राखून ठेवा. जोत्याची उंची ठरवताना नकाशावर विसंबू नका, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं, आणि त्याच्याही वर जा. २०२१ मध्ये बेंटियूभोवती जो पूर आला तसा कित्येक दशकांत आला नव्हता, आणि पाणी पुढची वर्षानुवर्षं हटलं नाही. लोक बांध घालून त्याआड राहिले.

खोदाईच्या आधी आणखी एक गोष्ट, आणि यात सूट नाही. जागा सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्यापासून मोकळी असल्याचा कागद हातात आल्याशिवाय कुदळ मारू द्यायची नाही. कंत्राटदार म्हणेल, इथे तर गुरं चरतात. गुरं मीटरभर खोल खणत नाहीत.

आता भिंतींकडे येतो. रुग्णालयाचं रक्षण मुख्यतः भिंतीने होत नाही. ते रुग्णालय आहे आणि कुणाच्याही बाजूचं नाही, हे सगळ्या बाजूंना माहीत असण्याने आणि त्यांनी ते मानण्याने होतं. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात नागरी रुग्णालयांवर हल्ला करू नये असं म्हटलंय, आणि ती लष्करी ठिकाणांपासून शक्य तितकी लांब असावीत असंही सुचवलंय. देशांतर्गत युद्धांसाठी १९७७ चा दुसरा पूरक करार आहे. हे संरक्षण जातं ते रुग्णालयाचा वापर शत्रूला इजा करण्यासाठी झाला तर, आणि तेव्हाही आधी इशारा द्यावा लागतो. कायदा असला तरी तो मोडला जातो हेही माहीत असू द्या. ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानात कुंदूझचं एमएसएफचं, म्हणजे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेचं, रुग्णालय अमेरिकी विमानाच्या माऱ्यात उद्ध्वस्त झालं, ४२ माणसं गेली, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश आधीच कळवलेले होते. तुमच्या मुलखातलं लेरचं रुग्णालय २०१४ च्या सुरुवातीला लुटून जाळलं गेलं. २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेने २२८६ क्रमांकाचा ठराव करून हे हल्ले थांबवायला सांगितलं, तरी ते थांबलेले नाहीत.

मग बांधकाम बघणाऱ्याच्या हातात काय असतं? बरंच काही. जागा छावणीपासून, चौकीपासून, दारूगोळ्याच्या कोठारापासून लांब घ्या, मग ती कितीही सोयीची असो. पहिली वीट लागण्याआधी जागेचे आकडे सगळ्या बाजूंना कळवले जातील हे तुमच्या संस्थेकडून लेखी घ्या, आणि नंतर कंपाउंड वाढवलंत तर नवे आकडेही. छपरावर चिन्ह एवढं मोठं रंगवा, की वरून दिसेल. फाटकावर बंदूक आत न आणण्याची पाटी लावा आणि शेजारीच बंदुका ठेवायला कुलपाची पेटी द्या, नाहीतर जखमी सैनिक आणणाऱ्यांशी फाटकावरच भांडण होईल. तुमची जेसीबी, टँकर, ट्रॅक्टर कुणालाही उसने देऊ नका. एक दुपार खंदक खणायला गेलेलं मशिन पुढची पाच वर्षं लोकांच्या लक्षात राहतं.

हे पाळणं कधी मनाला लागतं. मलाकालला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले भारतीय जवान होते. एक सुभेदार साताऱ्याकडचे. पहिल्या भेटीत त्यांनी मला मराठीत "जेवलात का?" विचारलं आणि माझा गळा दाटून आला. चार महिन्यांनी ऐकलेलं पहिलं मराठी वाक्य होतं ते. माझ्या साइटवर भराव पडून होता, त्यांच्याकडे डोझर उभा होता, आणि त्यांनी स्वतःहून द्यायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. गणवेशातल्या माणसांनी रुग्णालयाचं जोतं घातलेलं गावाने बघितलं असतं तर उद्या दुसऱ्या बाजूचा जखमी तिथे आला नसता. त्यांना ते लगेच पटलं. भराव आम्ही घमेल्यांनी टाकला, एकोणीस दिवस लागले.

मजुरांचंही तसंच आहे. गावात डिंका, नुएर, शिलुक असे वेगवेगळे समाज असतील. मुकादम एका समाजाचा असला आणि त्याने सगळे आपलेच घेतले, तर रुग्णालय छप्पर चढायच्या आधीच त्या समाजाचं ठरतं. नावं गावाच्या सभेत चिठ्ठ्या टाकून काढा, सगळ्यांसमोर. मजुरी दर आठवड्याला, मस्टर मोठ्याने वाचून, हातात द्या. मी एकदा हे काम दुसऱ्यावर सोपवलं होतं, आणि मस्टरवर चौदा अंगठे एकाच माणसाचे निघाले. ते पैसे गेले त्याचं एवढं काही नाही, पण ज्यांची नावं होती ते चौदा जण आमच्या नावाने रागावून होते, आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

जाडीचं उत्तर : सगळ्या भिंती जाड करू नका, परवडणार नाही आणि उपयोगही नाही. खिडक्यांना काच शक्यतो नकोच, जाळी आणि झडपा चालतात. काच लागलीच तर आतून फिल्म चिकटवा, कारण स्फोटात माणसं फुटलेल्या काचेने जास्त जखमी होतात. प्रत्येक ब्लॉकजवळ एक खोली अशी करा, की जिला डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब आहे आणि बाहेरून खिडकीच्या उंचीपर्यंत वाळूच्या पोत्यांची दुहेरी भिंत आहे. स्लॅब का? आकाशात झाडलेली गोळी खाली येते आणि पत्रा तिला अडवत नाही. एका सकाळी वॉर्डात शिरलो तर फरशीवर रुपयाएवढे उन्हाचे कवडसे पडलेले होते, सात मोजले. रात्री गावात कुणीतरी आनंदाने हवेत गोळीबार केला होता. त्यातला एक कवडसा रिकाम्या खाटेच्या उशीवर होता. तेव्हापासून शस्त्रक्रियागृह आणि नवजात बाळांची खोली मी पत्र्याखाली ठेवत नाही.

तुम्ही नसताना दर्जा कसा राहील, हा तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. पहिल्याच महिन्यापासून तुम्ही तिथे नसल्यासारखं काम चालवून बघा. आठवड्यातला एक दिवस साइटवर जाऊ नका, कंपाउंडमध्ये बसा, आणि स्थानिक मुकादमाला फोनवर काम चालवू द्या. संध्याकाळी त्याने काढलेले फोटो बघा : सळयांवर टेप धरलेला, कव्हरच्या ब्लॉकसकट (सळई काँक्रीटच्या आत राहावी म्हणून ठेवायचे ठोकळे), तारीख लिहिलेली पाटी बाजूला. टेप नसलेला फोटो मी मोजमापात धरत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन ताडून बघा. दोन महिन्यांत कळेल, की कोणत्या कामासाठी तुम्ही लागता आणि कोणत्या नाही. माझ्या अनुभवात ते लोक लेव्हल आणि ओळंबा फार लवकर शिकतात, क्युरिंगचं महत्त्व उशिरा पटतं, कारण जिथे बायका तासभर चालून पाणी आणतात तिथे काँक्रीटवर पाणी ओतणं कुणालाही पाप वाटेल. त्यांच्याशी वाद घालू नका. ओली गोणपाटं टाका, वर प्लास्टिक अंथरा, पाणी कमी लागतं.

आणि नकाशा मंजूर करण्याआधी एक काम नक्की करा. रिकाम्या जागेवर चुन्याची फक्की मारून वॉर्ड, दारं, व्हरांडा पूर्ण मापात आखा. मग नर्सना, दाईला, सफाई करणाऱ्या बाईला बोलवा आणि स्ट्रेचरवर एका माणसाला झोपवून त्या रेषांमधून न्यायला सांगा. पहिल्यांदा आम्ही हे केलं तेव्हा प्रसूतीच्या खोलीकडून शस्त्रक्रियागृहाकडे वळताना चौघांपैकी मागचा एक जण दर वेळी रेषेबाहेर पाय टाकत होता. नकाशात ते वळण अगदी नीट दिसत होतं. दार सव्वा मीटरचं होतं, पण दारासमोरची जागा अपुरी होती. तिथेच फक्की पुसून भिंत ऐंशी सेंटिमीटर मागे सरकवली. दाईने मग आणखी एक सांगितलं, की वाट बघणाऱ्या बायकांना पुरुषांच्या वॉर्डासमोरून संडासला जावं लागतंय, त्या जाणार नाहीत. संडास दुसऱ्या बाजूला नेले. या सगळ्याला एक सकाळ आणि दोन पोती फक्की लागली.

तुमच्या स्वतःसाठी एवढंच : नोकरीच्या करारात युद्धाने होणारा मृत्यू आणि अपंगत्व विम्यात आहे का, हे शब्दशः वाचा. पुष्कळ साध्या पॉलिसी ते वगळतात. बाहेर काढायचा निर्णय कोण घेतो त्याचं नाव विचारा. आणि घरच्यांशी आधी स्पष्ट बोला, तिथे पोचल्यावर फोनवर नाही.

शेवटी एक सवय सांगतो, ती पहिला पाइप पुरला त्या दिवसापासून लावून घ्या. पंपघराच्या आतल्या भिंतीवर ऑइलपेंटने सगळ्या पाण्याच्या लाइनचा आणि केबलचा नकाशा काढा, व्हॉल्व्हना नंबर द्या, तेच नंबर जागेवर पत्र्याच्या चकत्यांवर ठोका, आणि काही बदललं की त्याच दिवशी भिंतीवर बदला. कागद जळतात, लॅपटॉप चोरीला जातात. २०१९ मध्ये मी एका जुन्या साइटवर परत गेलो तेव्हा ऑफिसची खोली उरलीच नव्हती, दारं-चौकटीसुद्धा नेल्या होत्या. पंपघराची भिंत मात्र उभी होती, आणि माझ्या निळ्या रेषांच्या शेजारी कुणीतरी कोळशाने एक नवी लाइन आखून व्हॉल्व्हला पुढचा नंबर दिलेला होता.